खिडकीतला बाबू कुठे गेला?

मुलांनो, आज आधी एक कोडं. पाटी-पेन्सिल नको, नुसतं डोकं चालवा.

तोंड नाही, पण विचारतो.
हात नाही, पण पैसे घेतो.
चुकलात तरी रागावत नाही,
निघताना 'सांभाळून जा' म्हणत नाही!

सांगा पाहू कोण?

हेच कोडं मी आमच्या सातवीच्या वर्गात घातलं, तेव्हा मागच्या रांगेतून उत्तर आलं, "भूत!" दुसरा म्हणाला, "हेडमास्तर!" त्यावर तिसरा, "हट्! हेडमास्तर रागावतात ना!" सगळा वर्ग खो खो हसला. मग एक जण म्हणाला, "गुर्जी, मशीन." शाब्बास! उत्तर अगदी बरोबर.

आपलं काम आपणच करून घ्यायचं, असं हे यंत्र. कुठे ते तिकीट देतं, कुठे पैसे देतं, कुठे पासबुक छापून देतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नंबराची चिठ्ठी देतं आणि विमानतळावर बसायच्या जागेचा पासही देतं. अशा यंत्राला 'कियॉस्क' म्हणतात. शब्द अवघड वाटतो ना? पण तो फार जुना आहे. फारसी भाषेत 'कुश्क' म्हणजे बागेतली छोटी, चारी बाजूंनी मोकळी छत्री. तो शब्द तुर्कस्तानात गेला, तिथून युरोपात गेला. तिथे लोक रस्त्याकडेच्या वर्तमानपत्राच्या टपरीला कियॉस्क म्हणू लागले. टपरीतला माणूस गेला, त्याच्या जागी यंत्र आलं, नाव मात्र तेच राहिलं.

टपरीतला माणूस गेला खरा. पण तो जे काम करत होता, ते कोण करतो? हा प्रश्न मला पडला तो माझ्या बाबांमुळे. ती हकिगत आधी ऐका.

आमचं घर शेतकऱ्याचं. आमच्या गोंदिया जिल्ह्यात शेती म्हणजे धान. खरेदी केंद्रावर धान मोजून दिलं की त्याचा चुकारा बँकेच्या खात्यात जमा होतो. मागच्या एका हंगामात बाबा चुकारा आला का ते पाहायला तालुक्याच्या गावी गेले. बँकेचं नाव सांगत नाही. अशा बँका पुष्कळ आहेत. तिथे पासबुकाच्या खिडकीवर पाटी होती, 'पासबुक मशीनवर छापून घ्या'. बाबांनी पासबुक यंत्राच्या फटीत घातलं. यंत्र घरघरलं आणि पासबुक बाहेर आलं. पान कोरंच! पुन्हा घातलं, पुन्हा कोरं. तिसऱ्यांदाही तेच. बाबा एस.टी. धरून घरी आले आणि म्हणाले, "चुकारा नाई आला."

आठ दिवसांनी मी त्यांच्याबरोबर गेलो. पाहतो तर काय, बाबा पासबुक उलट्या बाजूने घालत होते. पासबुकावर काळ्या-पांढऱ्या रेघांची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिला बारकोड म्हणतात. ती चिठ्ठी यंत्राला दिसली, तरच हे खातं कोणाचं ते त्याला कळतं. 'पासबुक फिरवून घाला' असं पडद्यावर येत होतं, पण इंग्रजीत! बाबा चौथी शिकलेले. मराठी वाचतात, इंग्रजी नाही. मी पासबुक फिरवलं. खर्रर्र करून यंत्राने ओळी छापल्या. पैसे तर आठ दिवसांपूर्वीच जमा झाले होते! आणि त्याच आठ दिवसांत बाबांनी मजुरांची मजुरी द्यायला शेजाऱ्याकडून हातउसने पैसे घेतले होते.

परत येताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खिडकीत बाबू असता तं म्हनला असता, काका, उलटं धरलं तुमी."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मी ठरवलं, आपल्या वर्गाला एकदा अशा यंत्रापुढे उभं करायचं. पुस्तकात वाचून हे येणार नाही. हेडमास्तरांची परवानगी घेतली, पालकांच्या सह्या घेतल्या, आणि डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही 18 मुलं, एक बाई आणि मी, असे सौंदड स्टेशनावर हजर झालो.

सौंदडच्या तिकीट खिडकीवरच पहिलं गणित सुटलं. रेल्वेत 5 वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. 5 पूर्ण झाली पण 12 झाली नाहीत, तर अर्धं तिकीट. आमच्यातले तिघे अजून 12 चे व्हायचे होते. मग तिकिटं किती? पूर्ण 17 आणि अर्धी 3. एक जण कुरकुरला, "गुर्जी, मी अर्धा काहून? मी तं याच्याहून उंच हावो!" पण रेल्वे उंची पाहत नाही, वय पाहते.

ही बल्लारशा-गोंदिया लाईन एके काळी नॅरोगेज होती, म्हणजे अरुंद रुळांची. आता ती रुंद झाली आहे. खिडकीबाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या, कुठे कुठे पुंजणे, आणि ओल्या बांध्यांत उगवलेली लाखोरी. मुलं सारस शोधत होती. महाराष्ट्रात सारस पक्षी पाहायचा तर तो मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात! पण त्या दिवशी धुकं होतं. सारस काही दिसला नाही, बगळे मात्र भरपूर दिसले. मधे जंगल लागलं, मग पुन्हा बांध्या, आणि मग गोंदिया.

गोंदिया जंक्शन म्हणजे लहानसहान स्टेशन नव्हे हं! हावडा-मुंबई या मोठ्या लोहमार्गावरचं हे ठाणं. इथून चार दिशांना चार वाटा फुटतात. पश्चिमेला नागपूर, पूर्वेला दुर्ग-रायपूर, उत्तरेला बालाघाट-जबलपूर आणि दक्षिणेला आमची बल्लारशाची वाट. मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस इथूनच सुटते. महाराष्ट्र एक्सप्रेसही इथूनच निघते आणि राज्याच्या या टोकाहून थेट त्या टोकाला, कोल्हापूरला जाते. आमचा जिल्हा तसा तुमच्याहून थोडाच मोठा. 1 मे 1999 ला भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. पण हे स्टेशन मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचं.

जिथे इतक्या वाटा फुटतात तिथे तिकिटाला गर्दी होणारच. म्हणून खिडक्यांखेरीज तिकीट देणारी यंत्रंही ठेवलेली असतात. साधारण माणसाच्या उंचीचं कपाट, त्यावर काचेचा पडदा, खाली तिकीट बाहेर पडायची जागा. इंग्रजी नावातली पहिली अक्षरं घेऊन त्याला ए.टी.व्ही.एम. म्हणतात. आमची मुलं आधी एटीएमच समजली. एटीएममधून पैसे निघतात, यातून तिकीट. एका 'व्ही'चा फरक!

यंत्राजवळ एक काका उभे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले. या यंत्रांवर लोकांना तिकीट काढून द्यायला रेल्वेने असे मदतनीस नेमलेले असतात. प्रवाशाने त्यांना फक्त तिकिटाचे पैसे द्यायचे, वर काही नाही. त्यांचा मोबदला त्यांच्या कार्डावर रेल्वेच बोनस म्हणून देते. आम्ही कशासाठी आलो ते ऐकल्यावर काका खूश झाले. "दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा या. सगळं दाखवतो," म्हणाले.

दुपारी डबे खाऊन आम्ही पुन्हा तिथे गेलो. काकांनी पहिल्यांदा कोणालाच हात लावू दिला नाही. म्हणाले, "बोट मागं, डोळे पुढं!" मग एकेक पायरी सांगितली.

पहिली पायरी भाषेची. पडद्यावर ज्या भाषा दिसतात त्यांतली आपल्याला चांगली येते ती निवडायची. ऐट म्हणून इंग्रजी निवडू नये!

दुसरी पायरी गावाची. कुठे जायचं ते स्टेशन शोधायचं. नाव पूर्ण वाचायचं, कारण सारख्या नावाची स्टेशनं असतात.

तिसरी पायरी माणसांची. मोठे किती, लहान किती. इथे यंत्र आपणहून मोठ्यांपुढे 1 आणि लहानांपुढे 0 धरून चालतं. बदलायचं आपण.

चौथी पायरी गाडीची. साधी गाडी, मेल-एक्सप्रेस की सुपरफास्ट? साधं तिकीट घेऊन एक्सप्रेसमध्ये बसलात तर ते चालत नाही. वरचं भाडं आणि शिवाय दंड भरावा लागतो, आणि तो दंड कमीत कमी 250 रुपये!

पाचवी पायरी पैशांची. पडद्यावर एकूण भाडं दिसतं. स्मार्ट कार्ड असेल तर त्यातून कापलं जातं, किंवा पडद्यावरचा चौकोनी नक्षीसारखा क्यूआर कोड मोबाइलने टिपून पैसे देता येतात. पैसे मिळाले की यंत्र तिकीट छापतं.

"आणि सहावी?" काकांनी विचारलं. कोणाला सांगता येईना. "सहावी पायरी म्हणजे तिकीट हातात घेऊन वाचायचं! गाव, माणसं, तारीख. लोक तिकीट खिशात घालतात आणि गाडीत बसल्यावर वाचतात. तेव्हा वाचून काय उपयोग?"

एका मुलीने विचारलं, "काका, बोट लावलं की काचेला कसं कळतं?" प्रश्न छान होता. काही पडदे दाब ओळखतात. वरचा पातळ थर दबून खालच्या थराला टेकला, की कुठे टेकला ते यंत्राला समजतं. काही पडद्यांवर अगदी हलकी वीज खेळवलेली असते. आपल्या शरीरातून वीज जाऊ शकते, म्हणून बोट टेकलं की तिथली वीज किंचित बदलते. मोबाइलचा पडदा या दुसऱ्या जातीचा. जाड लोकरी हातमोजा घालून तो लावून पाहा बरं. तो तुम्हाला ओळखणारच नाही!

मग काका जुन्या आठवणी सांगू लागले. पूर्वी तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचा छोटा तुकडा असे. थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका स्टेशनमास्तराने 1830 च्या दशकात तो शोधून काढला. तिकिटावर आधीच नंबर छापलेला असे आणि बाबू ते एका लोखंडी यंत्रात सरकवून त्यावर तारीख उठवत असे. खटॅक! "दिवसभर खटॅक खटॅक," काका म्हणाले, "घरी जाऊन झोपलो तरी कानात तोच आवाज."

मलाही माझं लहानपण आठवलं. तेव्हा स्टेशनावर वजनाचं यंत्र असायचं. रंगीत दिवे गोल गोल फिरायचे, आत चकती गरगरायची. आपण वर उभं राहायचं, नाणं टाकायचं. खट्ट! एक छोटं कार्ड बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य, कधी सिनेनटाचं चित्र. मला एकदा 'तुम्ही मोठे व्यापारी व्हाल' असं भविष्य आलं होतं. पाहा, झालो शिक्षक! वजन मात्र बरोबर होतं.

नाणं टाकून आपलं काम आपण करून घ्यायचं, ही युक्ती किती जुनी असेल? शंभर वर्षं? दोनशे? मुलांनो, सुमारे दोन हजार वर्षं! इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचे एक विद्वान होते. त्यांनी देवळातल्या पवित्र पाण्याच्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलं आहे. नाणं फटीतून आत पडायचं ते एका दांडीच्या टोकाशी असलेल्या पट्टीवर. वजनाने ते टोक खाली जायचं, दुसरं टोक वर उचललं जायचं आणि पाण्याची झडप उघडायची. दांडी कलली की नाणं घसरून खाली पडायचं आणि झडप बंद! जेवढा वेळ नाणं टिकलं तेवढंच पाणी. तराजू आणि सी-सॉ यांची युक्ती, दुसरं काही नाही.

आणि एटीएम? त्याच्या जनकांपैकी एक, जॉन शेफर्ड-बॅरन, यांचा जन्म आपल्या भारतात, शिलाँगला झाला होता, 1925 साली. बँक बंद झाल्यामुळे एकदा त्यांना स्वतःचेच पैसे मिळेनात. मग त्यांच्या मनात आलं, नाणं टाकल्यावर यंत्रातून चॉकलेट मिळतं, तर पैसे का मिळू नयेत? 27 जून 1967 ला लंडनच्या एनफिल्ड भागात एका बँकेबाहेर त्यांचं यंत्र सुरू झालं. गुप्त आकडा ते सहा अंकी ठेवणार होते. पण त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मला बाई चारच अंक लक्षात राहतात!" म्हणून आजही बहुतेक ठिकाणी तो आकडा चार अंकी असतो. भारतात पहिलं एटीएम 1987 साली मुंबईत आलं.

हे सगळं ऐकेपर्यंत संध्याकाळ होत आली. बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीची वेळ जवळ आली आणि तिकीट खिडकीपुढे रांग वाढू लागली. आम्ही चार-चारचे गट केले. प्रत्येक गटाने आपली तिकिटं स्वतः काढायची, काका शेजारी उभे राहणार. मुलांनी रोख पैसे त्यांच्या हातावर ठेवायचे आणि ते आपल्या कार्डातून भाडं भरणार. एका गटाने घाईत सौंदडऐवजी भलतंच स्टेशन दाबलं. काका काही बोलले नाहीत, नुसते खोकले. मुलांनी मागे जाऊन सुधारलं.

इतक्यात एक म्हातारी आजी आमच्यापाशी आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. खिडकीची रांग लांब आहे, मशीनवर जा, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. पण यंत्राजवळ यायला ती कचरत होती. काकांना म्हणाली, "बाबू, वडश्याची टिकिट दे ना. माह्या डोऱ्यानं दिसत नाई." आणि पदराच्या गाठीतून घडी घातलेली नोट काढू लागली.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. "चला, आता ही परीक्षा. आजींचं तिकीट तुम्ही काढा."

आमच्या वर्गात एक मोबाइलचा उस्ताद आहे. तो लगेच पुढे सरसावला. बोटं अशी चालवली की पाहत राहावं! भाषा, टक. वडसा, टक. साधी गाडी, टक. मोठे 1, लहान 0. पडद्यावर भाडंही आलं. आता शेवटचं बटण दाबणार, एवढ्यात मागून आवाज आला, "थांब ना!"

आवाज कोणाचा, तर आमच्या वर्गातल्या एका अबोल मुलीचा. (नाव लिहू नका असं तिने मला बजावलं आहे.) वर्गात तिला एक प्रश्न दोनदा विचारावा लागतो, तेव्हा कुठे उत्तर येतं. ती आजीपाशी गेली आणि म्हणाली, "आजी, तुमच्यासंगं कोनी हाय काय?"

"हाय ना वं माय. माहा नातू हाय. तो का, नळावर पानी पेऊन रायला."

"कितवीत हाय?"

"दुसरीत."

"दुसरीत म्हंजे सात वर्षांचा," ती उस्तादाला म्हणाली. "त्याची अर्धी टिकिट लागते."

उस्ताद ओशाळला. मागे जाऊन त्याने लहानांपुढे 1 केला. भाडं बदललं. काकांनी कार्ड लावलं, तिकीट बाहेर आलं. उस्तादानेच ते मोठ्याने वाचून दाखवलं, "गोंदिया ते वडसा, मोठे एक, लहान एक." काकांनी उरलेले पैसे मोजून दिले. आजीने ते पुन्हा पदराला बांधले आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

काका मला हळूच म्हणाले, "गुरुजी, तीस वर्षं मी खिडकीत बसून हेच विचारलं. 'सोबत कोण आहे?' तिकीट तर यंत्रही देतं."

आजी आमच्याच डब्यात बसली. तिने पिशवीतून बोरं काढून सगळ्या मुलांना वाटली. गाडी सुटल्यावर तिकीट तपासनीस आले. आजीचं तिकीट न पाहताच त्यांनी आधी नातवाकडे बोट दाखवलं, "आणि याचं?" आजीने तिकीट पुढे केलं आणि ठसक्यात म्हणाली, "त्याचीबी हाय!" तपासनिसांनी पाहिलं, मान डोलावली आणि पुढे गेले. आमचा उस्ताद खिडकीबाहेर पाहत बसला होता. थोड्या वेळाने तो त्या मुलीला म्हणाला, "मले आठवलंच नाई."

मी तिला विचारलं, "तुला कसं गं सुचलं?"

ती म्हणाली, "गुर्जी, माही आजी पन मले संगं घेऊन जाते. कोनी इचारलं नाई तं ती सांगत नाई. लाजते."

मुलांनो, मला माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या डब्यात मिळालं. खिडकीतला बाबू दोन कामं करत होता. एक हिशेबाचं: भाडं काढायचं, तिकीट द्यायचं. हे काम यंत्र झटकन करतं, आणि रात्री-बेरात्रीही कंटाळत नाही. दुसरं काम विचारण्याचं: 'सोबत कोण आहे? कोणत्या गाडीने जाणार? पासबुक उलटं तर नाही ना धरलं?' यंत्र पडद्यावर चौकट दाखवतं, पण ती वाचून स्वतःला विचारायचं काम आपल्यावर येऊन पडतं. म्हणजे खिडकीतला बाबू गेला कुठे? तो आपल्यातच येऊन बसला! ज्याला वाचता येतं त्याला हे जमतं. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याजवळ वाचता येणाऱ्या कोणीतरी उभं राहायला हवं.

पण हं, मदत करतानाही एक कुंपण पाळायचं. तिकिटासाठी मदत घ्यायला आणि द्यायला काही हरकत नाही. एटीएमची गोष्ट वेगळी. तिथे गुप्त आकडा कोणालाही सांगायचा नाही. 'आण इकडे कार्ड, मी काढून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात कार्ड द्यायचं नाही. आकडा दाबताना दुसऱ्या हाताने आडोसा करायचा. आणि मोबाइलवर कोणी म्हणालं, 'तुम्हाला पैसे पाठवतो, तुमचा गुप्त आकडा टाका', तर खुशाल समजा की तो लबाड आहे. आकडा पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही.

सहलीहून आल्यावर वर्गाने काय केलं, सांगू? किराणा दुकानातून एक मोठं खोकं आणलं. त्याला वर पडद्याएवढी चौकट कापली, खाली फट पाडली. आत एक जण बसतो आणि चौकटीत एकेक पाटी धरतो: 'भाषा निवडा', 'कुठे जायचं?', 'मोठे किती? लहान किती?' शनिवारी शाळा सुटल्यावर गावातली मोठी माणसं येतात आणि या खोक्यावर सराव करतात. चूक झाली तरी पैसे जात नाहीत, आणि मागे रांगही नसते!

पहिल्या शनिवारी माझे बाबाही आले होते. खिशातून पासबुक काढलं आणि फटीत सरकवलं. आत ती अबोल मुलगी बसली होती. पासबुक परत बाहेर आलं आणि खोक्यातून आवाज आला,

"काका, उलटं धरलं तुमी."

बाबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पासबुक फिरवलं, रेघांची चिठ्ठी कुठल्या बाजूला येते ते नीट पाहिलं आणि पुन्हा घातलं. परवा ते एकटेच बँकेत जाऊन आले. छापलेलं पान त्यांनी आईला दाखवलं, मला नाही!

तर मुलांनो, तुमच्या गावात, तालुक्यात, स्टेशनावर असं एखादं यंत्र असेलच. ते शोधा. त्याच्यापुढे मोठी माणसं कुठे अडखळतात ते दोन मिनिटं बाजूला उभं राहून बघा. मग जवळ जा आणि आधी एवढंच विचारा, "आजी, सोबत कोण आहे?" बटण नंतर दाबा.